दारावरची पाटी आणि गाडीखालचे लोखंड : अमेरिकी मसल कारच्या मागच्या ॲक्सलची गोष्ट

१९६६ सालच्या फोर्ड मस्टँगचे चालकाच्या बाजूचे दार उघडले, की त्याच्या कडेवर रिव्हेटने बसवलेली एक लहान धातूची पाटी दिसते. गाडीचा बांधा, रंग, आतील सजावट, बांधणीची तारीख, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल ही सारी माहिती तिच्यावर संकेतांत ठोकलेली असते. ॲक्सलच्या रकान्यात अंक असेल तर डिफरन्शिअल साधे. रोमन अक्षर असेल तर दोन्ही चाकांना मिळून जोर लावायला भाग पाडणारे.

आता त्याच गाडीखाली वाकून पाहा. मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी अवयव पाटीशी मुळीच जुळत नाही, असा अनुभव जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांना वारंवार येतो. पाटीनुसार गाडी सहा सिलिंडरची आणि तिचा ॲक्सल हलका. प्रत्यक्षात खाली आहे तो एखाद्या पिकअप ट्रकमधून आलेला, कितीतरी दणकट.

ताम्रपटावर एका राजाचे नाव आणि त्याच जागी सापडलेल्या नाण्यांवर दुसऱ्याचे, तसा हा पेच आहे. खोटे कोण बोलते? पाटी कारखान्यात ठोकलेली, म्हणजे अस्सल. लोखंडही अस्सल. दोहोंच्या मध्ये काही वर्षे आहेत आणि वेल्डिंगचा मुखवटा चढवलेला एक माणूस आहे. आजचा धागा त्या माणसाविषयी, आणि त्याने जे केले ते त्याला का करावे लागले याविषयी.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. एसटीच्या किंवा मालट्रकच्या मागे कधी उभे राहिला असाल, तर दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या नळीच्या मधोमध एक फुगीर लोखंडी गोळा तुम्ही पाहिला असेल. इंजिनाची ताकद लांब प्रॉपेलर शाफ्टमधून या गोळ्यात येते. आतले लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, मोठ्या दातेरी चाकाला, म्हणजे क्राउनला, फिरवते. त्यामुळे फिरण्याची दिशा काटकोनात वळते, वेग कमी होतो आणि पिळाचा जोर वाढतो. ४.१० हे गुणोत्तर म्हणजे पिनियनचे ४.१० फेरे झाले की क्राउनचा एक फेरा.

क्राउनला जोडलेले डिफरन्शिअल आणखी एक काम करते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. ते दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. ही युक्ती ओनेसिफोर पेकर या फ्रेंच घड्याळजीने १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी पेटंट करून घेतली. कार्ल बेंझची पेट्रोल मोटार यायला तेव्हा अर्ध्या शतकाहून अधिक काळ बाकी होता. मात्र या युक्तीत एक उणीव होती. एक चाक चिखलात किंवा बर्फावर अडकले, की ते जागच्या जागी गरगरते आणि कोरड्या रस्त्यावरचे दुसरे चाक ढिम्म राहते. घसरण रोखणारे डिफरन्शिअल अमेरिकी मोटारीत पॅकार्डने १९५६ मध्ये आणले. पाठोपाठ शेव्हरोलेचे ‘पॉझिट्रॅक्शन’ आणि क्रायस्लरचे ‘शुअर-ग्रिप’ अशी भारदस्त नावे आली.

दुसरी एक सुधारणा या गोष्टीत पुढे फार महत्त्वाची ठरते. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरच्या ग्लीसन कारखान्याने १९२० च्या दशकात ‘हायपॉइड’ दाते घडवले आणि १९२६ मध्ये पॅकार्डने ते आपल्या मोटारीत वापरले. या रचनेत पिनियन क्राउनच्या मध्यरेषेवर नसतो, तिच्या खाली सरकवलेला असतो. त्यामुळे प्रॉपेलर शाफ्ट खाली उतरतो आणि गाडी बुटकी, डौलदार करता येते. हेतू दिसण्याशी निगडित होता. परंतु खाली सरकलेल्या पिनियनचे दाते जास्त तिरके आणि जास्त लांबीचे होतात, एका वेळी अधिक दाते एकमेकांत गुंततात आणि जोडी मजबूत होते. त्याची किंमत घर्षणाने मोजावी लागते. हायपॉइडचे दाते एकमेकांवरून घसरत फिरतात, तापतात, आणि त्यांना खास प्रकारचे जाड तेल लागते.

ॲक्सल बदलण्याची खोड मसल कारपेक्षा जुनी आहे. फोर्डने १९३२ मध्ये सामान्य माणसाला परवडेल असे व्ही-८ इंजिन बाजारात आणले, आणि कॅलिफोर्नियातील तरुण त्या गाड्यांचे मडगार्ड काढून कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर त्या पळवू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या मुलांकडे यंत्रांचे शिक्षण होते आणि खिशात थोडे पैसे होते. टेड हॅलिब्रँडच्या कारखान्यातील ‘क्विक चेंज’ ॲक्सल याच काळातला. त्याच्या पाठीवरचे झाकण काढून दोन लहान दातेरी चाके बदलली, की काही मिनिटांत गुणोत्तर बदलत असे. शर्यतीच्या गाड्यांना हे परवडे. गॅरेजात काम करणाऱ्या पोराला नव्हे. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. रस्त्यावरच्या शर्यती धावपट्टीवर याव्यात, पाव मैल अंतर घड्याळ लावून मोजले जावे, आणि पोरांचे जीव वाचावेत, हा तिचा उद्देश होता. पाव मैल म्हणजे सुमारे ४०२ मीटर. या अंतरात सर्वांत अधिक मार कोणाला बसतो? जागेवर उभी गाडी क्लच सोडताच झेपावते, तेव्हा मागच्या ॲक्सलला.

आता १९५७ कडे येऊ. या एकाच सालाच्या नमुन्यांत तीन दणकट ॲक्सल अमेरिकी बाजारात उतरले. क्रायस्लरचा पावणेनऊ इंची, ओल्ड्समोबिल आणि पॉन्टिॲक यांचा, आणि फोर्डचा नऊ इंची. क्राउनचा व्यास हीच या मापांची खूण. डेट्रॉइटमध्ये तेव्हा अश्वशक्तीची चढाओढ पेटलेली होती. दर वर्षी इंजिने फुगत होती, आणि फुगलेल्या इंजिनांना मागे काहीतरी भक्कम हवे होते. गंमत अशी, की त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकी मोटार उत्पादकांच्या संघटनेने ठराव केला की कंपन्यांनी शर्यतींपासून दूर राहावे. म्हणजे शर्यतीला शोभेल असे लोखंड घरोघरच्या गाड्यांत पोचले, त्याच साली कारखान्यांनी शर्यतीशी आपला संबंध नाही असे जाहीर केले. तो ठराव किती मनापासून पाळला गेला, हे पुढची काही वर्षे पाहिली की कळते.

फोर्डचा नऊ इंची ॲक्सल शर्यतीसाठी बनवलेला नव्हता. तो कुटुंबाच्या सेडानमध्ये, सामान वाहणाऱ्या स्टेशन वॅगनमध्ये आणि एफ-१०० पिकअपमध्ये बसत होता. तरी त्याच्या रचनेत तीन गोष्टी अशा होत्या, की पुढची साठ-सत्तर वर्षे तिचे नाव टिकले.

त्यातली सर्वांत सोयीची म्हणजे त्याचे पोट पुढून उघडते. क्राउन, पिनियन आणि डिफरन्शिअल हे सारे एका ओतीव लोखंडी तुकड्यावर बसवलेले असते, आणि तो तुकडा मुख्य कवचाला दहा नटांनी जोडलेला असतो. दोन्ही ॲक्सल शाफ्ट थोडे बाहेर ओढायचे, प्रॉपेलर शाफ्ट सोडवायचा, दहा नट काढायचे, की सगळा गाभा हातात येतो. जड असतो, कंबर सांभाळावी लागते, पण येतो. जनरल मोटर्सच्या ॲक्सलमध्ये गाभा कवचातच गुंफलेला असतो आणि झाकण मागच्या बाजूला. दात्यांची जुळणी गाडीखाली पाठीवर पडून करावी लागते. फोर्डवाला तेच काम टेबलावर, उजेडात, चहा घेत करू शकतो. म्हणून ज्याच्याकडे दोन गाभे, त्याच्याकडे जणू दोन गाड्या. आठवडाभर कामावर जायला संथ गुणोत्तराचा, शनिवारी रात्री धावपट्टीवर जायला तिखट गुणोत्तराचा.

दुसरी गोष्ट पिनियनची. बहुतेक ॲक्सलमध्ये पिनियन एका बाजूनेच बेअरिंगवर तोललेला असतो; जोर पडला की त्याचे मोकळे टोक क्राउनपासून दूर ढकलले जाते, दाते नीट बसत नाहीत आणि तुटतात. फोर्डने त्या मोकळ्या टोकालाही एक छोटे बेअरिंग दिले. शिवाय पिनियन मध्यरेषेच्या सव्वादोन इंच खाली आहे, इतरांपेक्षा बराच जास्त. बुटक्या गाडीसाठी जन्मलेली हायपॉइडची युक्ती इथे ताकदीच्या कामी आली. घर्षणाचा तोटाही अर्थात इतरांपेक्षा जास्तच. तो मुद्दा पुढे येईल.

तिसरी गोष्ट चाक धरून ठेवण्याची, आणि येथे प्रश्न जीवाचा आहे. शेव्हरोलेच्या दहा आणि बारा बोल्टांच्या ॲक्सलमध्ये शाफ्टचे आतले टोक डिफरन्शिअलमध्ये शिरते आणि तिथल्या खाचेत इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराची एक लहान कडी बसते. शाफ्ट बाहेर सरकू न देण्याची जबाबदारी त्या कडीची. शाफ्ट मधेच तुटला, तर कडी आपल्या वाट्याचा तुकडा धरून इमानाने बसते, आणि बाहेरचा तुकडा चाक व ड्रमसह गाडी सोडून निघून जातो. फोर्डमध्ये शाफ्टच्या बाहेरच्या टोकावर बेअरिंग दाबून बसवलेले असते आणि एक पट्टी त्याला चार बोल्टांनी कवचाला जखडते. शाफ्ट तुटला तर गाडी थांबते, पण चाक जागेवर राहते.

शेव्हरोलेच्या अभियंत्यांना हे कळत नव्हते असे समजू नये. कडीची रचना स्वस्त, जुळवायला सोपी आणि बाजारहाटाच्या गाडीसाठी पुरेशी होती. लाखोंनी गाड्या बनवणाऱ्याला प्रत्येक गाडीमागे वाचलेले काही सेंट मोजावेच लागतात. कारखान्याने हिशोब केला तो सरासरी चालकाचा. आपली गोष्ट मात्र त्या सरासरीत न बसणाऱ्यांची आहे.

१९६३ च्या जानेवारीत जनरल मोटर्सने शर्यतबंदीचा पुनरुच्चार केला. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन घालायचे नाही, असाही कंपनीचा अंतर्गत दंडक होता. पॉन्टिॲकमधील जॉन डीलोरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दंडकातली फट शोधली. मूळ गाडीत मोठे इंजिन घालता येत नाही, पण जादा पैसे मोजून घेण्याचा पर्याय म्हणून दिले तर? १९६४ च्या टेम्पेस्ट लमाँवर सुमारे २९५ डॉलरना ३८९ घन इंचांचे इंजिन मिळू लागले, आणि त्या पर्यायाचे नाव होते जीटीओ. साधारण पाच हजारांचा अंदाज असताना पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या विकल्या गेल्या. मसल कारचे युग येथून मोजण्याची प्रथा आहे. सूत्र सोपे होते : मध्यम गाडी, मोठे इंजिन, तरुणाला परवडेल अशी किंमत. त्या किमतीत पुढचे इंजिन वाढले. मागचा ॲक्सल बहुधा मध्यम गाडीचाच राहिला.

हा असमतोल आकड्यांत पाहा. १९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ मधील एलएस-६ इंजिनाचा टॉर्क कंपनीच्या नोंदीप्रमाणे ५०० फूट-पाउंड. चार गिअरांच्या एम-२२ गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.२०. मागचे गुणोत्तर ४.१०. तिन्हींचा गुणाकार ४,५१० फूट-पाउंड. घर्षण वजा केले तरी दोन शाफ्टांवर आणि काही दात्यांवर हा सगळा पीळ एका झटक्यात येतो.

मग ते ॲक्सल रोज का मोडत नव्हते? कारण टायर. साठच्या दशकातले अरुंद टायर इतका जोर रस्त्याला देऊच शकत नव्हते. ते जळत, धूर काढत, जागेवर फिरत, आणि त्या फिरण्यात ॲक्सल वाचत असे. घरातला फ्यूज जसा स्वतः वितळून बाकीच्या उपकरणांना वाचवतो, तसा. धावपट्टीवर मऊ रबराचे रुंद, गुळगुळीत ‘स्लिक’ टायर लागले, की हा फ्यूज काढून टाकल्यासारखे होई. घसरायला वाव राहत नसे, आणि मग दुवा तुटे तो पुढचा.

कारखान्यांनाही हे ठाऊक होते, याचा लेखी नाही तरी लोखंडी पुरावा आहे. क्रायस्लरने १९६६ मध्ये ४२५ अश्वशक्तीचे ४२६ हेमी इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत दिले. हेमीबरोबर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेतला तर मागे नेहमीचा पावणेनऊ इंची ॲक्सल मिळे. पण हाताने बदलायचा चार गिअरांचा घेतला, तर डाना कंपनीचा ‘६०’ क्रमांकाचा ॲक्सल, पावणेदहा इंची क्राउनचा, जो एरवी ट्रकखाली शोभावा. इंजिन तेच, ताकद तीच. फरक झटक्याचा. ऑटोमॅटिकमधले तेल धक्का गिळते. क्लच सोडणारा पाय तो तसाच्या तसा मागे पाठवतो. फोर्डची वर्तणूकही तशीच. मस्टँगच्या साध्या इंजिनांना हलके ॲक्सल, पण तिखट २८९ आणि त्याहून मोठ्या इंजिनांना नऊ इंची. कॅरोल शेल्बीच्या १९६५ च्या जीटी-३५० मध्येही तोच, ‘डेट्रॉइट लॉकर’ डिफरन्शिअलसह.

मग मेजवानी संपली. उत्सर्जनाचे कायदे कडक झाले, विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते चढवले, १९७१ मध्ये जनरल मोटर्सने इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरवले, आणि ऑक्टोबर १९७३ च्या तेलबंदीने उरलीसुरली हौस फेडली. चार वर्षांपूर्वीचा मानाचा घोडा आता तेलपिता पांढरा हत्ती झाला आणि वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात मातीमोलाने मिळू लागला. ज्यांना नवी असताना ती परवडली नव्हती, अशांच्या हाती ती आता आली. आपला वेल्डिंगवाला माणूस यांच्यातलाच. त्याच्याकडे नव्या भागांचे पैसे नव्हते; गावाबाहेर भंगाराचे आवार मात्र होते. आणि त्या आवारात रांगेने पडले होते फोर्डचे पिकअप, ब्रोंको आणि टोरिनो, प्रत्येकाच्या पोटाखाली नऊ इंचांचा खजिना घेऊन.

इतिहासप्रेमींना या शोधाची पद्धत आवडावी. गाभ्याच्या एका बोल्टाखाली पत्र्याची लहानशी पट्टी अडकवलेली असते. तिच्यावर ‘३एल५०’ असे कोरलेले असले, तर गुणोत्तर ३.५० आणि मधला ‘एल’ घसरण रोखणाऱ्या डिफरन्शिअलचा. पट्टी गळून गेली असेल, तर चाक हाताने फिरवून शाफ्टचे फेरे मोजायचे. गाभ्यावर ओतीव ‘एन’ अक्षर दिसले, तर लोखंड जास्त चिवट जातीचे, आणि शोधणाऱ्याने चेहऱ्यावर आनंद न दाखवता भाव विचारायचा.

भंगारातला सर्वांत मजेदार नायक म्हणजे लिंकन व्हर्साय. १९७७ ते १९८० या वर्षांत फोर्डने ही आलिशान म्हणवणारी गाडी विकली. मुळात ती साध्या ग्रनाडाचीच सजवलेली बहीण; लोकांनी ते ओळखले आणि तिच्याकडे पाठ फिरवली. परंतु तिच्या मागे होता नऊ इंची ॲक्सल, कारखान्याने बसवलेल्या डिस्क ब्रेकसह, आणि रुंदीही जुन्या मस्टँगशी जवळजवळ जुळणारी. बातमी पसरली. नवी असताना जिला गिऱ्हाईक मिळाले नाही, तिच्या शवासाठी भंगारात रांग लागली.

अदलाबदल म्हणजे नेमके काय, ते आता पाहू. दोन बोल्ट काढून दोन बोल्ट लावण्याचे हे काम नव्हे. आधी माप. चाक ज्या पृष्ठभागावर टेकते, तिथून दुसऱ्या बाजूच्या तशाच पृष्ठभागापर्यंतचे अंतर जुन्या आणि नव्या ॲक्सलवर मोजायचे. नवा रुंद निघाला तर टायर मडगार्डला घासतो. मग कवचाच्या नळ्या कापून आखूड करायच्या. नळी कापणे सोपे, पण टोक पुन्हा जोडताना वेल्डिंगच्या उष्णतेने ती किंचित वाकते आणि बेअरिंग थोड्याच दिवसांत खलास होते. म्हणून जाणकार माणूस कवचातून आरपार एक सरळ गज घालतो आणि टोके त्या गजावर जुळवूनच वेल्ड करतो.

मग पाट्यांच्या बैठका. ज्या गाड्यांना मागे कमानपाटे आहेत, त्यांत ॲक्सल पाट्यांवर बसतो आणि त्याच्या बैठका नव्या जागी वेल्ड कराव्या लागतात. शेव्हेलमध्ये पाटे नाहीत. तिथे गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि चार दांडे, आणि वरचे दोन दांडे शेव्हरोलेच्या गोळ्यावरच ओतलेल्या कानांना जोडलेले. फोर्डच्या गोळ्याला असे कान नसतात; ते घडवून लावावे लागतात. या सगळ्यात पिनियनच्या नाकाचा कोन चुकला, तर प्रॉपेलर शाफ्टचे दोन्ही क्रॉस एकमेकांशी भांडतात आणि ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते. म्हणून बैठका आधी नुसत्या टाचायच्या, गाडी तिच्या पूर्ण वजनानिशी चाकांवर उभी करायची, कोन मोजायचा, आणि मगच पक्के वेल्डिंग. घाईत असणारे लोक ही पायरी गाळतात आणि पुढे वर्षभर टायरवाल्याला दोष देतात.

त्यानंतर दात्यांची जुळणी. क्राउनच्या दात्यांवर पिवळा लेप लावून पिनियन फिरवला, की कुठे दाते टेकतात त्याचा ठसा उमटतो. तो दाताच्या मधोमध हवा. दोन दात्यांमधली मोकळीक इंचाच्या हजाराव्या भागांत मोजली जाते. प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलते, ब्रेकच्या नळ्या आणि हँडब्रेकची तार नवी करावी लागते, चाकाचे बोल्टही जुळत नाहीत. शेव्हेलचे पावणेपाच इंचांच्या वर्तुळावर, फोर्डच्या मोटारींचे साडेचार इंचांच्या. पाव इंचाने सारे अडते. आणि सर्व झाल्यावर स्पीडोमीटर खोटे बोलू लागतो, कारण त्याने मोजलेले फेरे जुन्या गुणोत्तराच्या हिशोबाने आखलेले असतात. गिअरबॉक्समधले एक लहान दातेरी चाक बदलले, की तो पुन्हा खरे बोलतो.

शेव्हरोलेचा कट्टर भक्त फोर्डचा ॲक्सल लावतो, तेव्हा त्याची थट्टा होतेच. पण धावपट्टीवर थट्टेपेक्षा नियम मोठा. पाव मैल अकरा सेकंदांच्या आत कापणाऱ्या गाडीला शाफ्ट जागेवर धरून ठेवणारी वेगळी व्यवस्था असलीच पाहिजे, असे पार्क्स यांच्या संघटनेचे नियम सांगतात. सी-आकाराच्या कडीवर तिथे विश्वास ठेवला जात नाही.

ऐंशीच्या दशकानंतर दिवस पुन्हा पालटले. मातीमोल गाड्या संग्राह्य झाल्या, लिलावात चढू लागल्या, आणि ‘मूळचे क्रमांक जुळतात का’ हा प्रश्न किमतीचा कणा झाला. शेव्हेलच्या ॲक्सलच्या नळीवर गुणोत्तराचा संकेत आणि तारीख ठोकलेली असते. आता लोक आरसा आणि विजेरी घेऊन ती वाचू लागले. ज्यांनी १९७५ मध्ये बारा बोल्टांचा मूळ ॲक्सल भंगारात देऊन फोर्डचा बसवला, त्यांच्या वारसांना कपाळावर हात मारावा लागला. मग उलटी अदलाबदल सुरू झाली : दणकट काढून नाजूक पण मूळचा परत बसवणे. काही महाभागांनी तर नळ्यांवर खोटे संकेत ठोकायलाही कमी केले नाही.

येथे मी माझे मत सांगतो. खोटा संकेत ठोकणे ही बनवाबनवी, यात दुमत नाही. परंतु १९७५ ची अदलाबदल बनावट नव्हे. त्या माणसाने कुणाला फसवले नाही. कारखान्याच्या सरासरी हिशोबात आपण बसत नाही, एवढेच त्याने वेल्डिंगने लिहून ठेवले. गाडी १९६६ ची आहे तशीच ती १९७५ चीही आहे. देवळाच्या यादवकालीन पायावर पेशवाईतला सभामंडप उभा असतो, तेव्हा आपण सभामंडप पाडत नाही. कोणता दगड कधीचा, ते नोंदवतो. माझी तक्रार फक्त त्यांच्याविषयी आहे, ज्यांनी जुना ॲक्सल पट्टीसकट टाकून दिला आणि कुठेही दोन ओळी लिहून ठेवल्या नाहीत.

फोर्डने स्वतः या ॲक्सलला निरोप दिला तो १९८६ मध्ये. घर्षणाचा तो जुना तोटा तेलटंचाईच्या काळात परवडेनासा झाला होता. हलका, कमी घासणारा ८.८ इंची ॲक्सल त्याच्या जागी आला. कारखान्याने सोडलेली रचना शर्यतीने मात्र सोडली नाही. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत शेव्हरोले, टोयोटा, डॉज अशा नावांनी धावणाऱ्या गाड्यांच्या मागेही वर्षानुवर्षे फोर्डच्या नऊ इंची रचनेचाच ॲक्सल फिरत होता. २०२२ मध्ये नव्या पिढीच्या गाड्यांना स्वतंत्र मागचे सस्पेन्शन आणि ट्रान्सॲक्सल मिळाला, तेव्हा तो तिथून उतरला.

हौशी लोकांच्या गॅरेजात तो अजून आहे. भंगारातला साठा आटत गेला, तशा करी, मोझर, स्ट्रेंज यांसारख्या कंपन्या नवी कवचे, नवे शाफ्ट, ॲल्युमिनियमचे गाभे बनवू लागल्या. असा संच मागवला, तर त्यात फोर्डच्या कारखान्यातून आलेला एकही तुकडा नसतो, तरी पावती ‘फोर्ड नऊ इंची’ अशीच फाडली जाते. तो बसवून झाल्यावर मालक गाडीचे दार लावतो. कडेवरच्या पाटीवर, ॲक्सलच्या रकान्यात, १९६६ साली ठोकलेला तो एकच अंक तसाच असतो.